रस्त्याकडची ओळ

१

आमच्या ऑफिसात बातमी वाईट असली की चहाला कोणी हात लावत नाही. त्या दिवशी मी पोचले तर टेबलावर कप तसेच पडलेले, वर साय धरलेली. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. हॉलंडमधल्या रॉटरडॅमहून निरोप आला होता. आंबेवडगावच्या शेतकरी गटाचा द्राक्षांचा कंटेनर नापास झाला होता. मालात एका कीटकनाशकाचा अंश सापडला होता, आणि ते औषध गटातल्या कोणी वापरायचंच नाही असं ठरलेलं होतं.

"संतोष बोरस्तेच्या बागेचा माल आहे, उज्वलाताई," साहेब म्हणाले. "आजच निघा."

माझं कामच ते. नाशिकच्या निर्यात कंपनीत मी आहे ती एवढ्यासाठीच, की परदेशात माल नाकारला गेला तर नक्की कोणाचं चुकलं ते शोधून काढायचं. हुद्दा भलामोठा इंग्रजी आहे, पण दिंडोरीकडची माणसं मला 'रॉटरडॅमची सासू' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला कान आहेत. मीही काही गरीब गाय नाही. खोटं बोलणाऱ्याला मी उभ्या उभ्या सोलते, आणि मला वाटतं त्याचाच सगळ्यांना राग आहे.

आंबेवडगाव कादवेच्या काठावर आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथला रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. मग द्राक्षं हॉलंडला जायला लागली आणि तिकडच्या गिऱ्हाइकांच्या अटी आल्या. बागेत राबणाऱ्या बायांसाठी संडास पाहिजे, हात धुवायला साबण पाहिजे, लहान पोरांना कामाला लावायचं नाही. ज्या गावात सरपंचाच्या बायकोलाही पहाटे डबा घेऊन नदीकडे जावं लागायचं, त्या गावात पहिला संडास बांधला गेला तो द्राक्षांसाठी. हसू नका, खरं आहे. मग शीतगृह आलं, डांबरी सडक आली, पोरी बसने नाशिकला कॉलेजात जायला लागल्या, सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर बायांच्या लेकरांना पाळणाघर मिळालं. कुठल्या कोण परक्या बाईने आपल्या टेबलावर इथली द्राक्षं ठेवली आणि इकडे गाव उभं राहिलं. तिला उद्या नकोशी झाली तर गाव बसणार, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून सगळे जीव मुठीत धरून फवारणी करायचे.

गटाला सकाळीच फोन गेला होता, आणि पॅकहाऊसच्या पत्र्याखाली सगळे जमले होते. गटाचा अध्यक्ष ज्ञानेश पिंगळे पुढे आला. माणूस कामाचा, पण घाई फार.

"ताई, शोधायचं काय राहिलंच नाय," तो म्हणाला. "पुंजाचं काम हाय. दुसऱ्या गावात काहीबाही मारून आला, टाकी धुतली नाय आणि तसाच संतोषच्या बागेत शिरला. रविवारी मारुतीच्या पारावर बैठक हाय. पुंजाचा ब्लोअर गटाच्या एकाही बागेत शिरणार नाय, असं ठरवून टाकू. कंपनीनं फक्त हो म्हणायचं."

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, औषधाची टाकी असलेला मोठा पंखा. पुंजाकडे शेती नाही. गावातल्या बहुतेक बागा तोच फवारायचा, आणि सगळ्या बागा गटातल्या. म्हणजे रविवारी पुंजाची भाकरीच बंद व्हायची होती. शिवाय आख्खं गाव बुडवणारा म्हणून नाव निघायचं ते वेगळंच.

मी संतोषकडे पाहिलं. पन्नाशीचा, शांत माणूस. रिकाम्या क्रेटला टेकून उभा होता.

"तुमची बाग आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय बोलणार, ताई?" तो म्हणाला. "जे झालं ते झालं."

पुंजा आणि संतोष पहिलीपासून एका बाकावरचे, हे मला माहीत होतं. एकाच्या घरी भाजी झाली की दुसऱ्याच्या घरी वाटी जायची. आणि आज संतोषने पुंजाचं नावसुद्धा घेतलं नाही. तो दोषी आहे असंही म्हणाला नाही, नाही असंही नाही. त्याची बायको छाया शेजारी उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

२

पुंजा दारातच सापडला. ब्लोअरची टाकी उघडी टाकून आतून घासत होता. ती इतकी लख्ख झाली होती की अजून घासायला काही उरलं नव्हतं.

"आता धुतोयस होय?" मी मुद्दामच टोचलं.

"हात रिकामा राहिला की डोकं फिरतं ताई, म्हणून धुतोय," तो म्हणाला. "टाकी मी दर बागेनंतर धुतो. माझी आई म्हणते, एवढं पोराला न्हाऊ घातलं असतं तर गोरं झालं असतं."

"ज्ञानेश तर वेगळं सांगतो."

"त्याच्या पुतण्यानं नवा ब्लोअर घेतलाय. मी गेलो की सगळ्या बागा त्यालाच." मग त्याने जीभ चावली. "नाय, पण तसं नको म्हणायला. ज्ञानेश तसा माणूस नाय. त्याला भीती वाटतीय, दुसरं काय."

स्वतःची मान अडकलेली असताना दुसऱ्याची बाजू घेणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. मी त्याला संतोषच्या बागेतली फवारणी पहिल्यापासून सांगायला लावली.

"विहीर पूर्वेला हाय, ओढ्याकडं. पाणी तिथंच भरतो, औषध तिथंच कालवतो, आणि तिथूनच सुरुवात करतो. रस्ता पश्चिमेला. रस्त्याकडच्या ओळी सगळ्यात शेवटी."

"नेहमी?"

"नेहमीच. भरलेली टाकी घेऊन आख्खी बाग तुडवत रस्त्याकडं कशाला जाऊ?"

मी निघाले. फाटकापर्यंत तो सोडायला आला.

"संतोष येऊन गेला का रे?"

"नाय अजून." त्याने हातातलं फडकं पिळलं. पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत राहिला. "पण रविवारी बोलंल तो. त्याला माहीत हाय मी कसा हाय ते. दुसरं कोणी नाय बोललं तरी संत्या बोलंल."

मी पॅकहाऊसला परत आले. रॉटरडॅमला सगळ्याच मालात दोष निघाला नव्हता. दोष सापडला तो संतोषच्या बागेच्या फक्त काही बॉक्समध्ये, बाकीचे स्वच्छ होते. मी पॅकिंगच्या मुलींना विचारलं, हे बॉक्स कधी भरले? त्या म्हणाल्या, सकाळच्या पहिल्या ट्रॉलीचे. आणि पहिली ट्रॉली कुठली? त्या हसल्याच. ट्रॉली रस्त्यावर उभी असते ना मॅडम, मग पहिले घड रस्त्याकडच्या ओळीचेच येणार.

मी तिथेच एका क्रेटवर बसले. टाकी घाण असती तर दोष विहिरीकडच्या ओळींत सापडायला हवा होता, कारण फवारणी तिथून सुरू होते. रस्त्याकडे येईपर्यंत टाकी पाण्याने कधीच विसळून निघालेली. चुकीची बाटली ओतली असती तर आख्ख्या बागेत दोष निघाला असता. इथे तर फक्त शेवटच्या ओळीत, जिथे पुंजाची टाकी रिकामी होत यायची, तिथेच दोष होता. म्हणजे तो टाकीतून आलेला नव्हता.

३

रस्त्याच्या पलीकडे ज्ञानेशची बाग आहे. त्याने किंवा त्याच्या पुतण्याने काही मारलं आणि वाऱ्याने इकडे आलं, असं होऊ शकतं का? खरं सांगते, मला तसं निघालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ज्ञानेशचा माल त्याच कंटेनरमध्ये होता आणि तो स्वच्छ निघाला. माणूस आपल्या बागेवर एक थेंब पडू न देता शेजाऱ्याच्या ओळीवर औषध मारू शकत नाही.

दिंडोरीला नाथाचं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूची पंधरा गावं त्याच्याकडूनच माल नेतात. मी औषधाचं नाव सांगितलं. ते नाव उच्चारताना माझी जीभ दोनदा अडखळली.

"हे मी ठेवतच नाही, ताई," नाथा म्हणाला. "द्राक्षाला कोण घेणार? युरोपवाल्यांनी यावर काट मारलीये. हे चालतं ते देवळा, सटाणा त्या बाजूला. डाळिंबावर मारतात. तिकडची डाळिंबं आपल्याच बाजारात जातात, तिथे कोण तपासायला बसलंय?"

"आंबेवडगावात कोणाचं डाळिंब आहे?"

"एकाचंही नाही."

मी वही मिटली. ती तशीही कोरीच होती, लोक जरा घाबरून खरं बोलतात म्हणून हातात धरते. नाथाने गल्ल्याकडे पाहत कान खाजवला.

"गंमत म्हणजे, आज सकाळीच संतोषही हेच विचारून गेला. हे औषध कशावर मारतात म्हणून. डाळिंब म्हटल्यावर तिथे त्या पोत्यावर बसला. मी पाणी दिलं. प्यायला नाही, तसाच उठून गेला."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता संतोषच्या बागेत गेले. काढणी झालेली, वेली मोकळ्या. रस्त्याच्या एका बाजूला ज्ञानेशची बाग, दुसऱ्या बाजूला संतोषची. ज्ञानेशच्या बागेच्या कडेने साड्या बांधलेल्या होत्या. आमच्याकडे हे सगळेच करतात. पश्चिमेचं ऊन घडांना भाजू नये, रस्त्याची धूळ बसू नये म्हणून जुन्या साड्या विकत आणून तारेला बांधायच्या. परगावचा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं गावातल्या सगळ्या बायकांनी एकदम धुणं काढलंय. काढणी झाली तरी त्या साड्या उतरवायची कोणाला घाई नसते, छाटणीच्या मजूर बाया आल्या की त्याच उतरवतात. तोवर वाऱ्यावर फडफडत असतात, लाल, मोरपंखी, कोणाच्या तरी लग्नातल्या.

संतोषची कड मात्र उघडी होती. खांबाला तार होती आणि तारेला गाठी होत्या. गाठी सोडलेल्या नव्हत्या, विळ्याने कापलेल्या होत्या. ज्याला साड्या पुढच्या वर्षी वापरायच्या आहेत तो गाठी सोडतो.

मी एकेक गाठ बघत गेले. एका गाठीत कापडाचा पट्टा राहिला होता, जांभळ्या रंगाचा, जरीचा काठ असलेला. त्यावर बारीक बारीक फाटल्याच्या खुणा होत्या आणि तपकिरी डाग. मी तो हातात घेतला तर बोटाला टोचलं. कापडात काटा अडकला होता. चांगला लांब, सुकलेला काटा. मी आयुष्यभर द्राक्षांत वावरले. द्राक्षाच्या वेलीला काटा नसतो.

डाळिंबाला असतो.

आता लॅबचंही उलगडलं. काढणीआधी लॅबची माणसं प्रत्येक बागेतून नमुना घेतात, आणि संतोषचा नमुना पास झाला होता. पण नमुना घेताना कडेच्या ओळी सोडतात, कारण तिथे धूळ असते, शेजारचं काहीबाही उडून येतं. त्यांनी आतल्या ओळींतले घड नेले आणि आतल्या ओळी चांगल्याच होत्या. जानेवारीच्या दवाने रोज सकाळी त्या साड्या ओल्याचिंब व्हायच्या आणि वाऱ्याने शेजारच्या घडांना घासत राहायच्या, म्हणजे त्यांच्यात मुरलेलं औषध फक्त त्याच ओळीला लागलं.

"ताई, चहा?" मागे छाया उभी होती. हातात काही नव्हतं, म्हणजे चहा नुसता बोलायला निमित्त होता.

"साड्या कुठे गेल्या गं?"

"फाटल्या होत्या. काढल्या."

"ठेवल्यास कुठे?"

"जाळल्या." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"छाया, जुनी साडी म्हणजे बायका पोतेरं करतात, गोधडी करतात, म्हशीच्या गोठ्याला लावतात. जाळत नाही कोणी. आणल्या कुठून होत्या?"

तिने डोळे पुसले. "मी यांना म्हणलं होतं, पुंजाभाऊंचं काय? तर म्हणतात, तू गप्प बस. मला नका विचारू ताई. भाऊबीजेला देवळ्याला गेले होते हे, तेव्हा नणंदबाईंनी…" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

५

वणी, कळवण करत मी देवळ्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. सखुबाई आहेर, संतोषची थोरली बहीण, साठीची. घरापुढे कांद्याची चाळ रिकामी पडलेली. मागच्या रानात नुसते खड्डे, जिथून झाडं उपटून काढली होती.

"ये माय, बस," ती तिकडच्या अहिराणीत म्हणाली. "मना भाऊ बरा शे ना? माल गया का परदेशात?"

मी बरा आहे म्हटलं. काय करणार? तिने मला पाणी दिलं, गूळ दिला आणि आपणहूनच सांगत बसली. तिच्या मालकांनी जन्मभर कांदा केला. भाव चढला की सरकार निर्यात बंद करायचं आणि चाळीतला कांदा चाळीतच सडायचा. असं पुन्हा पुन्हा झालं तेव्हा मालक म्हणाले, आता कांदा नको. डाळिंब लावलं. डाळिंबाला साड्यांचं पांघरूण लागतं, म्हणून सुरतेच्या साड्या आणल्या. झाडं साड्यांतच वाढली, फवारेही त्यांच्यावरूनच बसले. दोनच बहार मिळाले, मग तेल्या रोग आला. झाडं उपटली.

"साड्या तेवढ्या राहिल्या व्हत्या," ती म्हणाली. "मना भाऊ दरसाल भाऊबीजले मले साडी आनस. मी त्याले काय देऊ? त्याच्याकडं कंटेनर जातस, बंगला शे, गाडी शे. मले लाज वाटे. मंग म्हणलं, साड्या ने बागेला. ट्रॉली भरी दिली. मनं आयुष्यात पहिल्यांदा मी त्याले भरी दिलं, माय."

तिचा चेहरा त्या आठवणीनं उजळला होता. मी पाणी पीत राहिले. दोघं एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली. त्याच्या मालाला बाहेरचा बाजार उघडा राहिला, हिच्या मालाला ज्या वर्षी पाहिजे त्या वर्षी बंद झाला. यात दोघांचंही कर्तृत्व नव्हतं आणि दोघांचाही दोष नव्हता. हे मला तिला सांगायचं नव्हतं, आणि बाकीचं तर अजिबातच नाही. उगीच माझ्या पर्समधला रुमाल काढायला गेले आणि तो जांभळा पट्टा बाहेर पडला.

सखुबाईने तो उचलला. काठावरून अंगठा फिरवला.

"ही मनी शे," ती म्हणाली. "द्राक्षं पहिल्यांदा परदेशात गेली ना, त्या साली भाऊने आनेल. झाडाले साड्या कमी पडन्यात, तव्हय मी पेटीतली काढी लावी." तिने माझ्याकडे पाहिलं. "ही फाडी कोनी? तू कायले उनी एवढ्या लांब?"

म्हातारी माणसं आपण समजतो तेवढी भोळी नसतात. मी दोन वाक्यं सांगितली, तिसरं तिनेच पुरं केलं. मग बराच वेळ ती पट्ट्याची घडी घालत राहिली, एवढ्याशा कापडाला कितीदा घडी घालणार?

"पुंजा आमच्या घरी जेवायचा," ती शेवटी माहेरच्या बोलीत म्हणाली. "दोघांना मीच शाळेत सोडायची. बैठक कधी हाय?"

६

शनिवारी मी संतोषला गाठलं आणि काटा त्याच्या हातावर ठेवला. त्याने विचारलंसुद्धा नाही की हे काय.

"उद्या तुम्ही बोला," मी म्हटलं. "मी बोलण्यापेक्षा तुम्ही बोललेलं बरं."

"कसं बोलू, ताई?" तो बांधावर खाली बसला. "ट्रॉली भरताना आक्का हसत होती. किती वर्षांनी हसताना बघितली तिला. आता तिला सांगू, की तू दिलेल्यानं माझी बाग बसली, गावाचं नाव गेलं? ती अन्न सोडंल."

"आणि पुंजा?"

त्याने काटा मुठीत दाबला.

"पुंजा सोसंल," तो म्हणाला. "तो आपला हाय."

मला त्या माणसाचा राग आला आणि तेवढीच दयाही आली. मी स्कूटी सुरू केली आणि घरी आले. म्हसरूळच्या नाक्यापर्यंत स्वतःशीच भांडत होते.

रविवारी पारावर सगळे जमले. पुंजा एकटाच खालच्या पायरीवर बसला होता, धुतलेला सदरा घालून. ज्ञानेशने विषय मांडला. "कोणाला काय बोलायचं हाय का?" असं विचारून त्याने रीतीप्रमाणे सगळ्यांकडे पाहिलं. पुंजाने फक्त संतोषकडे पाहिलं. संतोष आपल्या चपलेकडे बघत होता. पुंजाची मान हळूहळू खाली गेली. ते मला बघवलं नाही आणि मी उठले.

तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, "मला बोलायचं हाय." वडाच्या आडून सखुबाई पुढे आली. देवळ्याहून सकाळची पहिली एसटी पकडून आली होती, हातात जांभळा पट्टा. "साड्या मी दिल्या. डाळिंबावरच्या. त्याच्यातून आलंय ते. पुंजानं काय केलं नाय."

"आक्का, तू कशाला…" संतोष उठला.

"बस खाली," ती म्हणाली, आणि पन्नाशीचा माणूस खाली बसला.

मग मी बाकीचं सांगितलं. टाकी विहिरीकडून सुरू होते आणि दोष रस्त्याकडच्या ओळीत होता. लॅबने कडेच्या ओळीचा नमुना घेतलाच नव्हता. संतोष नाथाला जाऊन भेटला, आणि लगेच साड्या गायब झाल्या. आणि द्राक्षाच्या तारेवर डाळिंबाचा काटा होता. ज्ञानेशने सगळं ऐकून घेतलं. मग तो पायऱ्या उतरून पुंजापाशी गेला आणि म्हणाला, "चुकलं माझं." घाईचा माणूस, माफीही घाईनेच मागितली, पण मागितली.

पुंजा उठला. मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल किंवा संतोषला शिव्या तरी देईल. मी असते तर दिल्या असत्या. तो संतोषसमोर जाऊन उभा राहिला.

"संत्या, मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मीच पारावर उभा राहून म्हणलो असतो, टाकी धुतली नव्हती माझी. आक्कासाठी म्हणलो असतो. मी कुठंबी पोट भरलं असतं. पण तू विचारायचं तरी होतंस."

पुंजाने सखुबाईच्या पायाला हात लावला आणि घराकडे निघून गेला.

त्यालाही आता दोन हंगाम झाले. गटाचा माल परत हॉलंडला जातोय. लॅबवाले आता कडेच्या ओळीचाही नमुना घेतात आणि मी बागेत गेले की आधी साड्या कुठून आणल्या ते विचारते, बाया तोंडाला पदर लावून हसतात. सखुबाई बरी आहे. तिने अन्न सोडलं नाही. संतोषने उगीच तिला काचेची समजलं होतं. यंदा भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं, साडीही घेतली, पण त्याच्या गाडीत काही ठेवलं नाही. हे मला छायाने सांगितलं.

संतोषची बाग गटात आहे. फवारणी तो स्वतः करतो, भाड्याचा ब्लोअर आणून. पुंजाचा ब्लोअर गावभर फिरतो, ज्ञानेशच्या बागेतही. परवा मी रस्त्यावर उभी होते तेव्हा तो तिकडूनच येत होता. संतोषच्या बागेपाशी आला, त्याने पंखा बंद केला आणि ट्रॅक्टर हळूच पुढे नेला. औषधाचा एक थेंब त्या बाजूला उडू नये, एवढी काळजी अजून घेतो. संतोष बांधावर उभा राहून ट्रॅक्टर वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होता. त्याचा हात हाक मारायला म्हणून वर आला होता, तो त्याने तारेवर ठेवला.